मानेवाड्यातलं घर आणि दोन लोखंडी कूलर : प्रकल्प नोंदी

९ मार्च, रविवार

काम ठरलं. होळी झाली की बाबा गच्चीवरून कूलर उतरवतात. नागपुरात एकदा खिडकीला लागलेला कूलर पाऊस चांगला बसेपर्यंत हलत नाही. तो लागायच्या आत घरातलं सगळं वायरिंग तपासून नीट करायचं.

मी हिंगण्याला एमआयडीसीत एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स पाहते. तिथे परमिट घेतल्याशिवाय आणि स्विचला स्वतःचं कुलूप लावल्याशिवाय कोणी पॅनेल उघडत नाही. घरी मात्र आई चालू कूलरमध्ये ओल्या हाताने पाइप सोडते. कूलरचा शॉक लागून माणूस गेल्याची बातमी विदर्भातल्या पेपरांत दर उन्हाळ्यात येते. आपण ती वाचतो आणि पान उलटतो.

बाबांचं म्हणणं, "घर ९४ सालचं आहे. इतक्या वर्षांत काही झालं का? काऊन उकरून राहिली?" उकरायचंच आहे, अक्षरशः. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे हे घरात कोणालाच आठवत नाही.

घर असं: खाली आम्ही तिघं. वर भाडेकरू, म्हणजे दादा, वहिनी आणि त्यांचा चार वर्षांचा मुलगा छोटू. मीटर दोन, दोन्ही पोर्चमध्ये. खालच्या मजल्याला लाकडी बोर्डावर लोखंडी मेन स्विच आणि चिनी मातीचे किटकॅट फ्यूज. वरच्या मजल्याला नंतर कधीतरी एमसीबी बसवलेत, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच.

हद्द आधीच लिहून ठेवते. मीटर, त्याचं सील आणि खांबावरून येणारी सर्व्हिस वायर, याला हात लावायचा नाही. तिथे काही दिसलं तर वीज कंपनीच्या १९१२ वर फोन. मीटरच्या पुढचं सगळं आपलं. मेन स्विच पाडला तरी मीटरकडून येणारी त्याची वरची बाजू जिवंतच राहते, हेही बोर्डाजवळ उभं राहणाऱ्या प्रत्येकाला सांगायचं.

११ मार्च

ऑफिसातून आल्यावर लोडची यादी केली. गिझर २००० वॅट, म्हणजे पावणेनऊ अँपिअर. इस्त्री १००० वॅट, सव्वाचारच्या आसपास. वरचा दीड टनाचा एसी साधारण सात. मिक्सर, फ्रिज, पंखे, टीव्ही किरकोळ. कूलर २०० वॅट, एक अँपिअरसुद्धा नाही.

विजेच्या खाण्याने लावली तर कूलर यादीत तळाशी येतो. धोक्याने लावली तर सगळ्यांत वर. लोखंडी पत्रा, आत पाणी, पाण्यात पंप, खाली ओली फरशी आणि दिवसातून दोनदा पाणी भरणारा हात. गिझर जास्त ओढतो खरा, पण तो भिंतीवर उंच असतो आणि त्याला कोणी कवटाळत नाही.

आकडे बाबांसाठी कागदावर मांडले. साधारण १ मिलिअँपिअर करंट अंगातून गेला की झिणझिणतं. १० च्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे श्वास अडकतो. त्याहून जास्त गेला, थोडा वेळ गेला, की हृदयाची लय बिघडते. ओल्या हातापायांनी शरीराचा रोध हजार ओहमपर्यंत उतरतो. २३० व्होल्ट भागिले १०००, म्हणजे २३० मिलिअँपिअर. अँपिअरमध्ये पाव अँपिअरही नाही. १६ अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने कोणीतरी एखादा पंखा लावला, इतकंच. तो पडणार नाही, कारण तो पडायला केलेलाच नाही. एमसीबी आणि फ्यूज वायर जळू नये म्हणून असतात.

बाबा कागद पाहून म्हणाले, "मग माणसासाठी काय असते?" प्रश्न बरोबर होता. आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीकडे गळू लागला की पुरवठा तोडणारा स्विच, आणि त्याच्या जोडीला धड अर्थिंग. आपल्याकडे वरच्या एमसीबीच्या बोर्डात आरसीसीबी नाही, खाली तर प्रश्नच नाही.

१३ मार्च

वायरमन काका संध्याकाळी येऊन पाहून गेले. परवानाधारक आहेत, आमच्या कारखान्यातल्या ठेकेदाराकडचे. काम ते करणार, तपासणी मी करणार, शेवटी ठेकेदाराच्या सहीचा टेस्ट रिपोर्ट घेणार.

किटकॅट उपसले. तीनपैकी दोघांत फ्यूज वायर नाही; लवचिक वायरीच्या चार-पाच तांब्याच्या तारा पिळून भरलेल्या. काका म्हणाले, "ताई, हे त साऱ्याच घरी असंच हाय." असेल. पण अशी तार वितळत नाही, आणि ती वितळली नाही की भिंतीतली वायर तापते. एका बोर्डामागचं प्लास्टिक पिवळं पडून कुरकुरीत झालं होतं. बोटाने दाबताच तुकडे हातात आले.

१५ मार्च, शनिवार

कालच्या रंगाने गच्ची अजून गुलाबी आहे. कूलर खाली आणले.

पहिला, खालच्या मजल्याचा. ताट्यांमधला वाळा गेल्या वर्षीचाच, क्षाराने पांढरा झालेला. टाकीला एका कोपऱ्यात गंज. पंखा ठीक, हाताने फिरवला तर मोकळा फिरतो. मोटरचं मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध, ५०० व्होल्टवर २० मेगाओहमच्या वर. इथपर्यंत उत्तम.

मग पंप. त्याची मूळ वायर आखूड असते, म्हणून कोणीतरी पुढे दुसरी वायर जोडलेली. जोड टाकीच्या आत, पाण्याच्या पातळीखाली. त्यावर काळी टेपपट्टी, चार-पाच वेढे. टेप सोलली तर आतून पाणी निथळलं आणि तांबं हिरवं झालेलं. बादलीत पाणी घेऊन पंप जोडासकट तासभर बुडवून ठेवला आणि पाणी ते वायर मेगर केलं. काटा शून्यालगत. म्हणजे गेल्या उन्हाळ्यात टाकीतल्या पाण्यात आणि फेजमध्ये (जिवंत तारेत) फक्त त्या टेपचा डिंक उभा होता. टाकीचं पाणी पत्र्याला लागतं, पत्रा खिडकीच्या ग्रिलला लागतो आणि आई ग्रिलला धरून पाइप आत घालते.

वायरीत हिरवी तार होती, पण प्लग टू पिन. हिरवी कापून मागे दुमडून टाकलेली. का, तर बोर्डावर टू पिनचीच जागा होती. कारण इतकं साधं असतं.

दुसरा, वरच्या मजल्याचा, त्यातल्या त्यात बरा. थ्री पिन आहे, पंपाची वायर अखंड आहे. पंपाचं मेगर २ मेगाओहम. १ मेगाओहमच्या वर आहे म्हणून चालेल असं लिहिते, पण या पंपावर लक्ष ठेवायचं.

१६ मार्च, रविवार

अर्थिंगचा खड्डा सापडला. जांभळाच्या झाडाखाली, फरशीच्या तुकड्याखाली, मातीने भरलेला. पाइपाचं तोंड दिसलं. नटबोल्टला जोडलेली तार गंजून निम्मी.

अर्थ टेस्टर आणला होता. दोन खिळे अंतरावर ठोकून मोजलं: ३८ ओहम.

आता हिशेब. कूलरच्या पत्र्याला फेज लागला आणि थ्री पिनमधून तो अर्थला गेला, असं धरू. २३० भागिले ३८ म्हणजे सहा अँपिअर. १६ चा एमसीबी सहा अँपिअरवर आयुष्यभर चालू राहील. त्यामुळे फेज अर्थला गेला तरी पुरवठा तुटणार नाही आणि पत्रा जवळजवळ पूर्ण व्होल्टेजवर राहील. अर्थिंग आहे म्हणून निर्धास्त असलेल्या घरातही शॉक लागतो तो असा.

खड्ड्यात चार बादल्या पाणी ओतलं आणि संध्याकाळी पुन्हा मोजलं: २१. निम्म्यावर आलं. आमच्याकडे वर दोन-अडीच फूट काळी माती, खाली मुरूम. काळ्या मातीत पाणी असेपर्यंत ती वीज बऱ्यापैकी नेते. उन्हाळ्यात ती भेगाळते, पाइपापासून सुटते, आणि रोध चढत जातो. म्हणजे कूलर ज्या महिन्यांत रात्रंदिवस चालतात, त्याच महिन्यांत अर्थिंग सगळ्यांत दुबळं असतं. हे कारखान्यात आम्ही दरवर्षी मोजतो आणि एप्रिल-मेमध्ये खड्ड्यांना पाणी घालतो. घरी कोणी घालत नाही, कारण खड्डा कुठे आहे हेच माहीत नसतं.

२२ मार्च, शनिवार

नवा खड्डा. घराच्या पायापासून दीड मीटर लांब, नळाच्या सांडपाण्याची ओल मिळेल अशा जागी. अडीच मीटरचा जीआय पाइप, भोवती कोळसा आणि मिठाचे थर, वर फनेल, सिमेंटचं चौकोनी कुंड आणि उघडता येईल असं झाकण. काका केमिकल अर्थिंगचं सांगत होते. ते वाईट नाही, पण ज्या घरात रोज कोणीतरी तुळशीला पाणी घालतं तिथे साधा पाइप पुरतो. मिठाने पाइप लवकर गंजतो, म्हणून मीठ हात आखडून घातलं.

जुना आणि नवा खड्डा जोडून मोजलं: ६ ओहम. आता २३० भागिले ६, अडतीस अँपिअर. यावर १६ चा एमसीबी पडेल, पण तापून पडेल. त्याला वेळ लागेल. लगेच पडायला सी प्रकारच्या एमसीबीला पाच ते दहापट करंट लागतो. घरगुती खड्ड्यातून तेवढा करंट मिळवणं कठीण. म्हणून अर्थिंग कितीही चांगलं केलं तरी आरसीसीबी हवाच. आणि आरसीसीबी असला तरी अर्थिंग हवंच, कारण अर्थिंग नसेल तर गळतीला वाट मिळते ती माणूस हात लावतो तेव्हाच. अर्थिंग असेल तर कोणी जवळ नसतानाच तो पडून मोकळा होतो.

बाबांनी खड्ड्याच्या झाकणावर खडूने "पाणी" लिहिलं. विरोध मावळल्याची खूण.

२९ मार्च, शनिवार

बोर्ड बदलला. खालच्या मजल्याचं लाकूड, लोखंडी स्विच, किटकॅट सगळं निघालं. जागी पत्र्याचा डीबी (स्विचांचा डबा), दोन पोलचा आयसोलेटर (नवा मेन स्विच), ४० अँपिअर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, पुढे एमसीबी: दिव्या-पंख्यांना ६ आणि १०, पॉवर पॉइंटना १६. वरच्या बोर्डातही तसाच आरसीसीबी. वायरी जिथे पिवळ्या पडल्या होत्या तिथे नव्या, तांब्याच्या, पॉवरला अडीच चौरस मिलिमीटर, गिझर आणि एसीला चार. फेज लाल, न्यूट्रल (करंट परत नेणारी) काळी, अर्थ हिरवी. जुन्या वायरिंगमध्ये तिन्ही लाल होत्या.

खालचा आरसीसीबी वर केला, राहिला. वरचा केला, पडला. पुन्हा केला, पुन्हा पडला.

काका म्हणाले, "पीसच खराब असंन." बहुतेक वेळा आरसीसीबीचं आयुष्य इथेच संपतं. पडतो म्हणून वायरमन तो काढतो किंवा बायपास करतो, आणि घरमालकाला हायसं वाटतं. खरं तर तो आपलं काम करत असतो.

सगळे एमसीबी पाडले. तरी पडतोच. मग संशय न्यूट्रलवर. एमसीबी एका पोलचे असतात, ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल सगळ्यांची एकाच पट्टीवर, कायम जोडलेली. कुठेतरी न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना लागले असतील तर एमसीबी पाडून काही होत नाही. न्यूट्रलवर जमिनीच्या तुलनेत एक-दोन व्होल्ट असतातच, अख्ख्या गल्लीचा भार तिच्यावर. दोन व्होल्ट आणि सहा ओहम म्हणजे ३०० मिलिअँपिअरच्या वर. आरसीसीबी पडायला इतकं दसपट झालं.

मेन बंद केला. घरातल्या सगळ्या पिना काढल्या. न्यूट्रल पट्टीवरून एकेक वायर सुटी करून अर्थशी मेगर केली. पहिल्या तीन चांगल्या. चौथी शून्य: बाथरूमची. गिझरच्या बोर्डाची प्लेट उघडली. आत न्यूट्रलची वायर तुटून आखूड झालेली, म्हणून कोणा जुन्या मिस्त्रीने ती सॉकेटच्या अर्थ पिनला जोडून तिथून न्यूट्रल पिनपर्यंत तार टाकून काम भागवलेलं. गिझर चालायचा. फक्त त्याच्या परतीच्या करंटचा काही भाग अर्थच्या तारेतून जायचा. ती न्यूट्रल पट्टीकडे कुठे ढिली झाली असती, तर गिझरच्या टाकीपासून नळापर्यंत सगळ्याला करंट आला असता.

नवी न्यूट्रल ओढली. आरसीसीबी वर राहिला. रात्रीचे साडेनऊ.

३० मार्च, गुढीपाडवा

काम नाही. एकच गोष्ट: बाबा गुढी नेहमीच्या जागी, गच्चीच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात उभी करत होते. तिथून सर्व्हिस वायर दीड हातावर. ओला बांबू, वर तांब्याचा कलश. गुढी मागच्या बाजूला लावली. आई म्हणाली, दिशा चुकली. बाबा म्हणाले, राहू दे न.

६ एप्रिल, रविवार

आठवडाभर एक गंमत सुरू होती. जिन्यातला दिवा लावला की अंधार. कधी खालचा मजला, कधी वरचा, कधी दोन्ही. वहिनींनी जिन्याचं बटन सेलोटेपने बंद करून ठेवलं होतं.

जिन्याचा दिवा टू-वे आहे, खालूनही लागतो, वरूनही. बटनं उघडली. फेज खालच्या मीटरचा, न्यूट्रल वरच्या मीटरची. त्या वेळी जवळ पडली ती वायर घेतलेली. आरसीसीबी फक्त एवढंच पाहतो, की फेजने गेलेला करंट त्याच्याच न्यूट्रलने परत आला की नाही. इथे खालून गेलेला वरून परततो. खालच्याला वाटतं करंट कमी आला, वरच्याला वाटतं जास्त. ९ वॅटचा एलईडी साधारण ४० मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्तच ओढतो, आणि दोघांचीही मर्यादा ३०. जो आधी पडेल तो.

दोन्ही वायरी खालच्या मीटरवर घेतल्या. दिव्याचं बिल आता पूर्ण आमच्याकडे. दादा "वाटून घेऊ" म्हणाले, बाबांनी हसून उडवून लावलं.

१२ एप्रिल, शनिवार

सॉकेट. कूलरच्या दोन्ही खिडक्यांना थ्री पिनचे नवे पॉइंट, खिडकीपासून हातभर बाजूला आणि कमरेच्या वर, म्हणजे पाणी उडणार नाही आणि पाइप हातात असताना बटन वेगळ्या हालचालीने दाबावं लागेल. एक्सटेन्शन बोर्ड दोन्ही खोल्यांतून हद्दपार. वरच्या मजल्यावर सगळे सॉकेट शटरवाले घेतले. छोटूला भोकांत खडूचे तुकडे घालायची सवय आहे, एका सॉकेटमधून हिरवा खडू निघाला.

प्रत्येक सॉकेट तपासला. समोरून पाहिलं तर मोठं भोक वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. तीन ठिकाणी फेज-न्यूट्रल उलटे. उलटे असले तरी वस्तू चालते, पण बटन बंद केल्यावरही आत फेज राहतो. दोन ठिकाणी अर्थची पिन होती, मागे तारच नव्हती. निऑन टेस्टरने हे सगळं कळत नाही. तो पेटला तर फेज आहे इतकं सांगतो; नाही पेटला तर काहीच सांगत नाही, कारण टेस्टर खराब असेल किंवा उन्हात त्याचा उजेड दिसत नसेल.

अंगणातला टिल्लू पंप. नळाला थेट मोटर लावणं नियमात बसत नाही, ते तर आहेच. पण त्याची वायर ओल्या शहाबादी फरशीवर लोळायची आणि आई अनवाणी पायाने बटन दाबायची. पंप काढून भंगारवाल्याला दिला. बाबा दोन दिवस गप्प होते.

आणखी एक: कपडे वाळत घालायची लोखंडी तार. एक टोक जांभळाला, दुसरं कूलरच्या स्टँडला बांधलेलं. पत्र्याला करंट आला असता तर अंगणभर पसरला असता. तार काढली, नायलॉनची दोरी बांधली, स्टँडपासून लांब.

२० एप्रिल, रविवार

कूलर लागले. खालच्याला नवा पंप, वायर अखंड, जोड टाकीबाहेर वरच्या बाजूला, डबीत. हिरवी तार पत्र्याला घासून बोल्टने बसवली. रंगावर बसवली असती तर जोड नुसता दिसायला राहिला असता. कूलरच्या पत्र्यापासून खड्ड्यापर्यंत सलगता मोजली, ठीक.

आरसीसीबीचं टी (टेस्ट) बटन दाबून दोन्ही पाडले. मग मीटरने वेळ मोजली. ३० मिलिअँपिअरला ३०० मिलिसेकंदांच्या आत तुटायला हवा. दोन्ही त्याच्या कितीतरी आत तुटले. बाबांनी टी बटन स्वतः दाबून पाहिलं, दोनदा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाबायचं, कॅलेंडरवर लिहिलं.

तेव्हाच सगळ्यांना बसवून हेही सांगितलं: एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरला, आणि पाय सुके असले, तर आरसीसीबीला काहीच कळणार नाही. त्याच्या दृष्टीने माणूस म्हणजे एक बल्ब. तेव्हा बोर्डात स्क्रू ड्रायव्हर घालायचा परवाना याने मिळत नाही. हे बाबांकडे पाहून.

पाणी भरायची पद्धत आईने स्वतः कागदावर लिहून खिडकीला चिकटवली: "बटन बंद. पिन काढायची. मग पाणी. हात पुसून पिन लावायची." नुसतं बटन का पुरत नाही, हे तिला उलट्या फेजवाल्या सॉकेटवरून पटलं होतं.

२७ एप्रिल

समोरच्या काकू आल्या. त्यांच्या कूलरला "थोडी झिणझिण येते, पण चप्पल घातली की काही होत नाही." जाऊन पाहिलं. टू पिन. पिन काढून मेगर केलं: ५० किलोओहम. २३० व्होल्टला साडेचार मिलिअँपिअर. झिणझिणीचा नेमका आकडा. एवढ्यावर ३० चा आरसीसीबी पडतही नाही. आज साडेचार आहे, पंपाचं इन्सुलेशन आणखी मऊ झालं की किती होईल हे कूलर आधी सांगत नाही. आणि चप्पल ओली होते, झिजते. दुसरा हात ग्रिलला असला तर चप्पल असून नसल्यासारखी. कूलर तिथेच बंद करायला लावला. काकूंनी "आजची रात्र चालू दे न बाप्पा" म्हणून पाहिलं. मी पिनच खिशात घालून आले.

वरच्या दादांनी विचारलं, कोणी चिकटलंच तर? तेही नोंदवते. अंगाला हात लावायचा नाही. आधी मेन पाडायचा. डीबी कुठे आहे हे घरातल्या प्रत्येकाला, छोटूला सोडून, माहीत हवं. मेन गाठता येत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडी काठीने माणूस किंवा वायर वेगळी करायची. मग १०८. श्वास नसेल, हाक मारून हालचाल नसेल, तर छातीच्या मधोमध दोन्ही तळवे ठेवून मिनिटाला १०० ते १२० च्या वेगाने दाबत राहायचं, पाच-सहा सेंटिमीटर खोल, रुग्णवाहिका येईपर्यंत. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात न्यायचाच. लय नंतरही बिघडू शकते. आणि हे सगळं घरातल्या वायरीसाठी. रस्त्यावर खांबावरची तार तुटून पडली असेल तर काठीही नाही. लांब थांबायचं, लोकांना लांब ठेवायचं आणि १९१२.

२५ मे, रविवार

आजपासून नवतपा, कडक उन्हाचे नऊ दिवस. खड्डा मोजला: ९ ओहम. रोज पाणी घालूनही दीडपट. बाबांनी सकाळ-संध्याकाळ दोन-दोन बादल्या करायचं ठरवलं. टेस्ट रिपोर्ट आला, फाइलला लावला.

१ जून, रविवार

रात्री अकराला वहिनींचा फोन, "ताई, वरची सारी लाइन गेली, तुमच्याकडे आहे का?" आमच्याकडे होती. वर गेले तर आरसीसीबी पडलेला. सगळ्या पिना काढल्या, तो वर केला, राहिला. मग एकेक पिन लावत गेले. फ्रिज, टीव्ही, मिक्सर ठीक. कूलरची लावली, बटन दाबलं, पडला.

मार्चमध्ये २ मेगाओहम दाखवणारा तोच पंप. बाहेर काढला तर खालच्या बाजूचं सील फुगून उघडलेलं, आत पाणी. कोणीही कूलरला हात लावलेला नव्हता, छोटू शेजारच्या खोलीत झोपला होता. पंपाची वायर सोडवली आणि रात्रीपुरता कूलर कोरडाच, नुसत्या पंख्यावर चालवला.

दादा सकाळी सीताबर्डीहून नवा पंप आणणार आहेत. खरेदीची यादी दिली: वायर लांब असलेला घ्या, जोड नको, आयएसआय मार्क पाहा, एक जास्तीचा पंप आणून घरात ठेवा, जूनमध्ये दुकानदार उरलेसुरले खपवतात.

बाकी राहिलेलं: इन्व्हर्टरची न्यूट्रल अजून वेगळी करायची आहे, ते पावसाळ्यात. काकूंच्या घरचं अर्थिंग पुढच्या शनिवारी. जुना पंप छोटूने खेळायला मागितला. वायर मुळापासून कापून दिला.